पावणेतीनची नोंद

रजिस्टर तपकिरी पुठ्ठ्याचं होतं, कोपरे तेलकट.
वाळवीनं सोडलं असेल
तर माझ्या अक्षरात अजून असेल त्यात:
‘२.४५. श्वास ठीक. रुग्ण शांत.’

पावणेतीनला मी झोपले होते.

जालन्याचं मिशन हॉस्पिटल. पुरुष वॉर्ड, खाट नऊ.
जाफराबादकडचा उत्तम, वय सतरा,
खळ्यावर निजलेला असताना मण्यार चावलेली.
डॉक्टर म्हणाले होते, सिस्टर, पापण्या बघत राहा,
जड व्हायला लागल्या की मला उठवा.
मी बघत होते. खरंच बघत होते.
सलग तिसरी रात्रपाळी,
आणि जड झाल्या त्या माझ्याच.

जाग आली तेव्हा
वॉर्डात सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते
एक सोडून.
मी ओरडले. डॉक्टर अनवाणी धावत आले.
जागी असते तर वाचला असता?
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सगळं आटोपल्यावर
मी पेनाचं टोपण काढलं.
हात कापला नाही.
मला तेच जास्त आठवतं, हात कापला नाही.
शाळेत बक्षीस मिळालेलं ते वळण,
एकही काना वाकडा नाही.

त्याची माय दारात उभी होती.
माझे दोन्ही हात धरून म्हणाली,
लई केलं बाई तुमी माह्या लेकरासाठी.

मग बावीस वर्षं.
प्रभुभोजनाला मंडळी रांगेनं पुढे जायची,
मी बाकावर.
गुडघे दुखतात, सांगायची.
गुडघे तेव्हा चांगले होते.

शेवटी पाटोळे पाळकांना सांगितलं.
ते म्हणाले, सुवार्ताबाई, क्षमा केव्हाच झालीय.
मी म्हटलं, कोणत्या रजिस्टरात?
ते रागावले नाहीत. पंख्याकडे बघत बसले.
मग हळूच म्हणाले,
देवाला तुम्ही खरं सांगितलंत.
पण खोटं दुसऱ्याच कुणाला सांगितलं होतं ना?

त्याच आठवड्यात, उपवासकाळात,
बागेतला तो भाग वाचला गेला.
लहानपणापासून कानावरचा.
तो एकटा घामेजलेला, आणि त्याचे तिघे झाडाखाली गाढ.
त्यानं येऊन बघितलं. पुन्हा येऊन बघितलं.
दुखलं असणार त्याला.
पण त्या तिघांची नावं
त्यानं खोडली नाहीत.
हे मला आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं,
का मीच झोपले होते?

सोमवारी जाफराबादची एसटी धरली.
कौतिकाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या.
उभ्यानंच सांगितलं सगळं,
वेळेसकट.
सूप थांबलं.
त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आत होत्या.
एक कोंबडी सुपात शिरली, मी हाकलली नाही.

बाहेर आल्या तेव्हा हातात तांब्या होता.
म्हणाल्या, तव्हाच सांगतलं असतं
तर तुहा जीव घेतला असता मी.
मी म्हटलं, हो.
पाणी पी.
प्यायले.
मग माझ्याकडे न बघता, तुरीतला खडा उचलत,
त्या राती झोपली तू. अन् मंग?
मंग नाही झोपले, मी म्हटलं. माझ्या तोंडून ‘मंग’च आलं.
खडा त्यांनी अंगणात फेकला.
बावीस वर्सं मी बी जागीच हाये, म्हणाल्या.
तू तरी झोप आता.

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं
आणि कंडक्टरनं हलवलं तेव्हा अंबड आलं होतं.
ओ मावशी, जालना गेलं की मागं!
लोक हसले. मीही.
जादा तिकिटाचे पैसे दिले,
उलट गाडीची वाट बघत
स्टँडवरच्या बाकावर
पुन्हा डोळा लागला.

रविवारी रांगेत उभी राहिले.
पाटोळ्यांनी पेला पुढे केला.
माझा हात कापत होता,
दोन थेंब पदरावर सांडले.
ते डाग मी अजून धुतलेले नाहीत.